जुना सेट आणि तो उघडणारा माणूस

हॅम रेडिओवाल्यांत काही मंडळी अशी असतात, की पैसे असूनही नवा सेट घेत नाहीत. वडिलांच्या वयाचा व्हॉल्व्हचा डबा झाडूनपुसून वापरतात. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला आधी हा निव्वळ हट्ट वाटतो. मग इतिहास वाचायला घेतला की गोष्ट थोडी वेगळी दिसते.

1939 साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने इथल्या हॅमचे परवाने रद्द केले. सेट पोलिसांकडे जमा करायचे हुकूम सुटले. पण सेट बांधायची अक्कल जमा करून घेता येत नाही. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत 22 वर्षांची उषा मेहता आणि तिच्या साथीदारांनी 'काँग्रेस रेडिओ' हे गुप्त केंद्र उभं केलं, तेव्हा ट्रान्समीटर जोडून दिला तो नरिमन प्रिंटर या जुन्या हॅमने. लहरीची लांबी 42.34 मीटर, म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ. आजचे हॅम ज्या 40 मीटर बँडवर गप्पा मारतात, तोच हा पट्टा. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन इथून बोलले. छापील बातम्यांवर सेन्सॉर होता, तेव्हा चिमूर-आष्टीत काय घडलं ते या केंद्राने देशाला सांगितलं. पोलिसांना चकवण्यासाठी जागा सारख्या बदलाव्या लागत.

12 नोव्हेंबर 1942 ला प्रसारण चालू असतानाच पोलीस आत शिरले. त्यांना जागा दाखवली होती तंत्रज्ञानेच. प्रिंटर आधी पकडला गेला आणि फुटला. उषाताईंना 4 वर्षांची शिक्षा झाली. 1946 पर्यंतचा काळ त्यांनी आपल्या पुण्यातल्या येरवड्यात काढला.

युद्धानंतर लष्कराचे जुने सेट भंगार बाजारात आले. आयात महाग आणि कटकटीची, म्हणून आपल्याकडच्या हॅमनी 1936 च्या डिझाइनचा 807 व्हॉल्व्ह वापरून घरीच एएम ट्रान्समीटर बांधले आणि वर्षानुवर्षं चालवले. त्यात तोटाही होता. एएममध्ये पूर्ण मॉड्युलेशनलासुद्धा दोन तृतीयांश शक्ती नुसत्या कॅरियरवर जाते आणि त्यात बोलण्याचा एक शब्दही नसतो. एसएसबीचा नवा सेट तेवढ्याच विजेत कितीतरी लांब पोचतो. तरी जुना सेट बंद पडला की झाकण काढून, मीटर लावून, जळालेला रेझिस्टर डोळ्यांनी शोधता येतो. नव्यात चिप गेली की अख्खा बोर्डच बदलायचा.

पण 1942 ची गोष्ट इथे दुसरी बाजूही दाखवते. यंत्राचं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो माणूस गेला किंवा फुटला की सगळं थांबतं. आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात: किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बुडेल? काँग्रेस रेडिओला एकच पुरला. आज व्हॉल्व्ह सेट दुरुस्त करू शकणारे बरेच जण सत्तरीपुढचे आहेत. त्यांच्यापाठी त्यांचे सेट रद्दीवाल्याकडे जातील, कारण घरात कुणालाच ते सुरू करता येणार नाहीत.

म्हणून जुना सेट कपाटात ठेवून जपता येत नाही. ओळखीत असा कुणी आजोबा असेल, तर एका रविवारी जा आणि त्यांना झाकण उघडायला सांगा. हाय व्होल्टेज कुठे असतं, ते मात्र आधी विचारा.