जमिनीवरून पाहिलेले विमान

मराठी मुलखातील बहुसंख्य माणसे विमानात पाऊल न टाकता प्रौढ झाली, त्यांनी संसार केले, आणि तशीच ती काळाच्या पडद्याआड गेली. ही गोष्ट इतकी सर्वसाधारण होती की ती कोणी बोलून दाखविली नाही. नकारार्थी वाक्याविषयी भाषाशास्त्रात एक साधे निरीक्षण आहे. जिची अपेक्षाच नसते त्या गोष्टीचा नकार सहसा उच्चारला जात नाही. ‘आज मी दाढी केली नाही’ या वाक्यास अर्थ येतो, कारण दाढी करण्याचा रिवाज त्यात गृहीत धरलेला असतो. ‘मी चंद्रावर गेलेलो नाही’ असे मात्र कोणी सांगत फिरत नाही. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ‘मी अजून विमानात बसलेलो नाही’ असे किंचित संकोचाने म्हणतो, तेव्हा त्या वाक्यातील ‘अजून’ हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. त्याच्या आजोबांना या वाक्याचे प्रयोजनच पडले नसते.

विमानवाहतुकीचा इतिहास आजवर लिहिला गेला तो उडालेल्यांचा. वैमानिक, कंपन्या, मार्ग, अपघात यांच्या नोंदी विपुल आहेत. न उडालेल्यांची नोंद जवळजवळ कोठेच नाही. २०११ च्या जनगणनेने घरोघरी सायकल, स्कूटर, मोटार, रेडिओ, दूरचित्रवाणी संच यांची चौकशी केली. कुटुंबातील कोणी विमानात बसले आहे काय, हा प्रश्न तिच्या पत्रकात नव्हता. २०२४ साली देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींवर गेली, असे सरकारी आकडे सांगतात. परंतु ही संख्या प्रवासांची आहे, माणसांची नव्हे. दर आठवड्यास मुंबईहून दिल्लीस जाऊन येणारा एकच गृहस्थ तीत वर्षभरात शंभराहून अधिक वेळा मोजला जातो. गॉसलिंग व हुम्पे या अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, २०१८ या वर्षी जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला असावा, असा अंदाज मांडला आहे. उरलेल्यांचा विमानाशी काही संबंध होता की नाही? आकडे येथे मूक होतात. मराठीपुरते बोलावयाचे तर एक साक्षीदार उपलब्ध आहे, तो म्हणजे शब्द. वाहनात बसणाऱ्यांची भाषा आणि ते दुरून पाहणाऱ्यांची भाषा यांत फरक पडतो, आणि तो पुष्कळ काळ टिकून राहतो, असे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम ‘विमान’ हा शब्दच घेऊ. येथे वस्तूच्या आधी शब्द हजर होता, आणि तो पुस्तकात नव्हे तर लोकांच्या तोंडी होता. अमरकोशात ‘व्योमयान’ हा त्याचा पर्याय आला आहे. रामकथेतील पुष्पक विमान कीर्तनांतून घरोघर पोहोचले होते. दक्षिणेकडील देवालयांत गर्भगृहावरील शिखरास विमान म्हणतात. लिंगायत समाजात मृतास बसवून नेण्याच्या सजविलेल्या वाहनासही विमान हेच नाव आहे. या सर्व उपयोगांत एक सूत्र दिसते. विमान हे देवांचे, अथवा देवाघरी जाणाऱ्याचे वाहन होय. जिवंत, संसारी माणसाने त्याकडे पाहावयाचे असते, त्यात बसावयाचे नसते. ‘वैमानिक’ या शब्दाची कथा तर याहून बोलकी आहे. जैन परंपरेत देवांचे जे चार वर्ग मानले आहेत त्यांपैकी वैमानिक हा एक. आज पगार घेऊन यंत्र चालविणाऱ्या इसमास आपण तोच शब्द लावतो.

मराठी मनात या शब्दाचे सर्वांत घट्ट ठाणे देहू येथे आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकाराम बीजेच्या दिवशी, वारकरी तेथे नांदुरकीच्या वृक्षाखाली माध्यान्हीच्या क्षणाची वाट पाहत उभे असतात. तुकोबांच्या वैकुंठगमनाची कथा ही ऊर्ध्वगमनाची कथा असली तरी तिच्यात लक्षावधी लोकांनी घेतलेली भूमिका खाली राहिलेल्यांची आहे. १९३६ साली प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात दामले व फत्तेलाल यांनी हे दृश्य पडद्यावर उभे केले, तेव्हा मराठी प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांनी खरेखुरे विमान जवळून पाहिले असेल. आकाशात जाणारे वाहन, आणि त्याकडे मान वर करून पाहणारा समुदाय, ही रचना त्यांच्या परिचयाची होती. पुढे योगायोग असा, की तुकोबांचे आजोळ म्हणून जे लोहगाव सांगितले जाते तेथेच पुण्याचा विमानतळ आहे, आणि २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने त्यास तुकाराम महाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला.

शब्द आधीच असण्याचा एक अनिष्ट परिणामही झाला, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. शब्द होता, त्या अर्थी वस्तूही होती, असा तर्क केला जातो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा त्या तर्काच्या आधारावर वाढली. तिला समकालीन कागदपत्रांचा विश्वसनीय आधार मिळालेला नाही. प्राचीन म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील यंत्रे उडू शकणारी नाहीत, असा निर्णय त्यांनी दिला. तरीही २०१५ साली मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. भाषेच्या अभ्यासकाने येथे एवढेच सांगावे की शब्द हा कल्पनेचा पुरावा होय, यंत्राचा नव्हे. तळपदे यांच्या कथेवरील प्रेम हे मला न उडालेल्यांच्या इतिहासाचेच एक प्रकरण वाटते. ज्यांना विमानात जागा नव्हती त्यांनी विमान मुळात आपलेच होते, असे म्हणून समाधान मानले.

आता रेल्वेशी तुलना करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. त्या वस्तूस मराठीत शब्द नव्हता, तेव्हा पाहणाऱ्यांनी दिसले तसे नाव दिले: आगगाडी. येथवर रेल्वेचे व विमानाचे प्रेक्षक सारखेच. परंतु आगगाडीत तिसऱ्या वर्गाचा डबा होता, आणि त्या डब्याने भाषेचे जे केले ते कोणत्याही परिभाषा समितीस साधले नसते. स्टेशनाचे ठेसन झाले, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, सिग्नलचा शिंगल झाला. हे शब्द कोणी घडविले नाहीत; गर्दीतून वाट काढताना, पोर हरवले म्हणून हाका मारताना, तिकिटासाठी भांडताना ते जिभेवर झिजले. पुढे गाडी रुळावर आणण्याचे आणि रुळावरून घसरण्याचे वाक्प्रचार संसाराला आणि राजकारणाला लागू पडले. राज्य परिवहनाच्या गाडीने हेच अधिक वेगाने केले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि बघता बघता ‘एस.टी.’ची येष्टी झाली. तिला खेड्यापाड्यांतून आजही लाल डबा म्हणतात, आणि त्या शब्दात चेष्टेइतकीच मायाही आहे.

त्याच महिन्यात, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. दोन वाहने एका आठवड्याच्या अंतराने निघाली. एकाने आपल्या बोलीभाषेत झिजलेल्या शब्दांची रास टाकली. दुसऱ्याने काय टाकले? एअरपोर्ट, रनवे, पायलट, एअर होस्टेस हे शब्द आज ग्रामीण बोलीतही जवळजवळ इंग्रजी उच्चारानेच वावरतात. ज्याप्रमाणे प्लॅटफॉर्मचा फलाट झाला त्याप्रमाणे बोर्डिंग पासाचे काहीही झालेले नाही. जे शब्द जिभेवर झिजले नाहीत ते फारसे वापरले गेले नाहीत, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. इंग्रजी शिक्षणाचा प्रसार झाल्यामुळे शब्द झिजण्याची प्रक्रियाच मंदावली, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो काही अंशी खरा आहे. तथापि येष्टी हा शब्दही स्वातंत्र्योत्तर काळातलाच आहे.

विमानासंबंधी मराठीने स्वतःचे असे जे शब्द घेतले ते वर्तमानपत्रांतून व कोशांतून आले, आणि त्यांतील बहुतेक जमिनीवर उभे राहून घडविलेले आहेत. विमानतळ पाहा. ‘तळ’ म्हणजे सैन्याचा अथवा काफिल्याचा मुक्काम. विमाने येथे येऊन उतरली आहेत, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. आतून प्रवास करणाऱ्यास ती जागा मुक्कामाची वाटत नाही. (हिंदीतील ‘हवाई अड्डा’ मराठीत रुजला नाही हे बरेच झाले. मराठीत टांग्यांचा अड्डा असे, पण जुगाराचाही असतो.) धावपट्टी हा शब्द यंत्र धावताना पाहणाऱ्याचा आहे. हवाई सुंदरी हा शब्द तर विमानात बसून खाणे-पिणे मागणाऱ्याने घडविलेला असणे शक्यच नाही. तो छायाचित्र पाहणाऱ्याचा आहे, आणि त्या कामकरी स्त्रियांवर अन्याय करणारा आहे. ‘उड्डाण’ हा शब्द जुना खरा, पण मराठीत त्याचा रूढ अर्थ उडी असा होता. मारुतीने समुद्र ओलांडला ते उड्डाण. त्यास पायांचा जोर लागतो.

न उडालेल्यांचा विमानाशी संबंध मात्र केवळ पाहण्याचा नव्हता. त्यांची पत्रे त्यांच्या कितीतरी आधी उडाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला जे विमान आणले त्यात टपालाच्या थैल्या होत्या, उतारू नव्हते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि ती परत फिरत. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. सोनेगावच्या विमानतळावर मध्यरात्री ज्यांची पत्रे हात बदलत होती त्यांपैकी बहुतेकांनी विमानाचा आवाज तेवढा ऐकला होता. जिवंत माणसापेक्षा त्याचे अक्षर अधिक हिंडते, ही गोष्ट लेखनाच्या इतिहासात नवी नाही. पण ती इतक्या शब्दशः क्वचितच घडली असेल.

जत्रेतील छायाचित्रकाराचे विमानही येथे नोंदविले पाहिजे. रंगविलेल्या पुठ्ठ्याच्या वा कापडाच्या विमानामागे उभे राहून, खिडकीच्या भोकातून चेहरा बाहेर काढून, कितीतरी कुटुंबांनी आपली छबी काढून घेतली. अशी छायाचित्रे आपण गंमत म्हणून बाजूस सारतो. वस्तुतः त्या काळी किती लोकांना विमानात दिसण्याची इच्छा होती, आणि ती इच्छा किती पैशांत भागत असे, याचा तो उत्तम दस्तऐवज आहे. आपल्या विभागांनी तो जमविला पाहिजे.

या चित्रास एक मोठा अपवाद आहे, आणि तो वर्गाच्या नेहमीच्या उतरंडीत बसत नाही. १९७० नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा आला आणि कोकणातील गवंडी, सुतार, वाहनचालक, स्वयंपाकी विमानाने तिकडे जाऊ लागले. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या खलाशी निपजले त्या घरांतील हे मुलगे, गावच्या शाळामास्तरांच्या कितीतरी आधी उडाले. त्यांचा विमानाशी संबंध सहलीचा नव्हता. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये, दहावी न झालेल्या मजुरास परवानगीची एक पायरी अधिक चढावी लागे. त्यासंबंधीचा पारपत्रावरील शिक्का, त्याची इंग्रजी आद्याक्षरे, व्हिसा, एजंट या शब्दांचे वजन त्या गावांतील निरक्षर बायकांनाही ठाऊक होते. १९९० साली कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणण्यात आले. पहिल्या रांगेत असे अनेक होते, ज्यांना विमान म्हणजे नोकरी लागणे अथवा सुटणे. विमानप्रवास हे मध्यमवर्गीय सुखाचे लक्षण, असे सरसकट मांडणाऱ्यांनी खेड, दापोली, मंडणगडकडे एकदा पाहावे.

‘अजून’ हा शब्द वाक्यात कधी शिरला, हे आता सांगता येईल. २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त भाड्याची सेवा सुरू केली. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेची पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. भाडे आवाक्यात आले, किंवा आले आहे असे सांगितले जाऊ लागले, आणि न उडणे ही सर्वसाधारण अवस्था न राहता खुलासा मागणारी अवस्था झाली. पूर्वी ज्यास कोणी विचारीत नव्हते त्याला आता उत्तर द्यावे लागते. दुसरीकडे जमीन देणारे आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा गावठाणांतील लोकांना उठावे लागले. त्यांच्या बोलण्यात विमानतळ या शब्दाबरोबर भूसंपादन, मोबदला आणि साडेबावीस टक्के हे शब्द येतात. हाही न उडता आलेला अनुभवच होय.

आणि भाषेत एक नवी हालचाल दिसते. जे नेहमी उडतात ते ‘विमान’ म्हणत नाहीत, ‘फ्लाइट’ म्हणतात. विमान आकाशात दिसते, त्याचा आवाज येतो, ते मुलांना दाखविले जाते. फ्लाइट पकडतात, फ्लाइट चुकते, फ्लाइट दोन तास उशिरा येते. पकडणे, चुकणे, उशिरा येणे ही क्रियापदे सगळी ठेसनावरची आहेत. लिंगही तिकडचेच आहे. ते विमान, पण ती फ्लाइट. ती गाडी, ती येष्टी, तशीच.