इजिप्तच्या नोटेची वाटचाल

नॅशनल बँक ऑफ इजिप्तची स्थापना २५ जून १८९८ रोजी झाली. नोटा काढण्याचा एकाधिकार तिला मिळाला आणि ३ एप्रिल १८९९ रोजी पहिल्या नोटा व्यवहारात आल्या. देश ब्रिटिशांच्या ताब्यात, छपाई इंग्लंडात; नोटेवरचा इजिप्तही स्फिंक्स आणि उंटांचा, म्हणजे परक्या प्रवाशाच्या नजरेतला होता. नोटेच्या बदल्यात सोनं देण्याची हमी होती. महायुद्ध सुरू होताच, २ ऑगस्ट १९१४ रोजी, तीही स्थगित झाली. नोट मात्र टिकली.

१९२६ च्या एक पौंडावर चक्क एका शेतकऱ्याचा चेहरा आला. १९३० मध्ये तिथे तुतनखामुन विराजमान झाला. त्याची कबर सापडून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. १९४० च्या दशकात मोठ्या नोटांवर राजा फारूक झळकू लागला. जुलै १९५२ च्या क्रांतीत त्याचं सिंहासन गेलं, पाठोपाठ नोटांवरची जागाही. तुतनखामुनला कोणी हात लावला नाही.

१९६० मध्ये बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, १९६१ मध्ये स्वतंत्र मध्यवर्ती बँक उभी राहिली. डिसेंबर १९६८ पासून गिझाच्या हरम रस्त्यावरील स्वतःच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या. ठसे कोरणारे, शाई जुळवणारे, गड्ड्या तपासणारे अशा असंख्य हातांचं हे काम. नोटेवर सही तेवढी गव्हर्नरची.

पुढे आजची ओळख रुजली: अरबी बाजूला मशीद, इंग्रजी बाजूला प्राचीन इजिप्त. एक पौंडावर कायतबेची मशीद आणि अबू सिंबल, शंभरावर सुलतान हसनची मशीद आणि स्फिंक्स. २००७ मध्ये आलेल्या दोनशेच्या नोटेवर राजाऐवजी मांडी घालून बसलेला लेखनिक आहे. या मालिकेतली ही सर्वांत देखणी निवड म्हणावी लागेल. पौंडांच्या या मालिकेत कॉप्टिक शतकांना जागा नाही, ही उणीवही नोंदवायला हवी.

२०२१ मध्ये प्लॅस्टिकच्या नव्या नोटांचे नमुने दिसताच त्यांवरच्या इंद्रधनुषी झळाळीवरून वाद पेटला. ती सुरक्षाखूण असल्याचा खुलासा बँकेला करावा लागला. ५ जुलै २०२२ रोजी, नव्या प्रशासकीय राजधानीतल्या छापखान्यातून, पॉलिमरची दहाची नोट आली. तिच्यावर त्याच राजधानीतली फत्ताह अल-अलीम मशीद आणि राणी हत्शेपसुत आहे. कागदी दहाची नोटही तिच्याबरोबर चलनात राहिली. २०२३ मध्ये वीसची पॉलिमर नोट आली.