क्रियापद चालवताना : ‘कान्तार’ची दोन हजार वर्षं



शाळेत ज्यांनी संस्कृत घेतलं असेल त्यांना ‘पठति पठतः पठन्ति’ आठवत असेल. स्पॅनिश शिकणाऱ्याच्या वाट्यालाही पहिल्या काही दिवसांतच असाच एक तक्ता येतो. डावीकडे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, आणि वरच्या ओळीत काळ. ‘आर’ने संपणारं एक क्रियापद चालवता आलं की त्याच साच्यात हजारो क्रियापदं बसतात, म्हणून त्यांना ‘नियमित’ म्हणायचं. एवढं सांगून शिक्षक पुढे जातात. हे नियम कोणी केले, कधी केले, आणि तक्त्यात जागा कोणाला मिळाली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज आपण ते बघू.

क्रियापद घेऊ ‘कान्तार’, म्हणजे गाणे. वर्तमानकाळ असा : कान्तो, कान्तास, कान्ता, कान्तामोस, कान्ताइस, कान्तान. ‘मी’, ‘तू’ वेगळं म्हणायची गरज नाही. आपण नुसतं ‘गाईन’ म्हटलं तरी ‘मी’ कळतो, तसंच हे. पण आपल्याकडे गातो-गाते असा फरक आहे, तो इथे नाही. बाई असो की पुरुष, ‘कान्तो’च.

आता पहिली गंमत. स्पॅनिश ही लॅटिनची लेक, पण लॅटिनमध्ये ‘गाणे’साठी मूळ क्रियापद वेगळं होतं, ‘कानेरे’. ते चालवायला अवघड. ‘मी गातो’ म्हणजे ‘कानो’, पण ‘मी गायलो’ म्हणजे एकदम ‘केकिनी’. त्याच क्रियापदापासून ‘पुन्हा पुन्हा गाणे’ अशा अर्थाचं दुसरं निघालं होतं, ‘कान्तारे’. हे सरळ चालायचं, कुठे अडखळायला नको. रोमन साम्राज्यातल्या साध्या माणसांनी अवघड ‘कानेरे’ हळूहळू सोडून दिलं आणि सोपं ‘कान्तारे’ धरलं. म्हणजे आज ज्याला आपण नियमित म्हणतो ते क्रियापदच मुळी लोकांनी निवडलेलं आहे. आजही तसंच चालतं. इंटरनेटवर गप्पा मारण्यासाठी स्पॅनिशला क्रियापद हवं होतं तेव्हा ‘चातेआर’ तयार झालं. नव्यानं आलेलं क्रियापद बहुतेक वेळा याच ‘आर’च्या पंगतीत बसतं.

आता भूतकाळ. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. ‘कान्ताबा’ म्हणजे गात असे किंवा गात होता. दुसऱ्यात ‘मी गायलो’ला ‘कान्तेऽ’ आणि ‘तो गायला’ला ‘कान्तोऽ’. शेवटी अवग्रह केला आहे तिथे जोर द्यायचा. ‘कान्तो’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, अर्थ ‘मी गातो’. ‘कान्तोऽ’मध्ये जोर शेवटी, अर्थ ‘तो गायला’. जोर जरा सरकला की माणूसही बदलतो आणि काळही. या दोन भूतकाळांतला फरक इंग्रजीतून समजून घेताना पुष्कळांची दमछाक होते. मराठी माणसाला ‘आजी गात असे’ आणि ‘आजी काल गायली’ यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

यातलं ‘कान्ताबा’ हे लॅटिनच्या ‘कान्ताबाम’पासून आलं. शेवटचा ‘म’ गळला, बाकी रूप दोन हजार वर्षं जवळजवळ जसंच्या तसं. ‘कान्तेऽ’ मात्र ‘कान्तावी’ झिजून झालं. पण खरा उलथापालथीचा इतिहास आहे भविष्यकाळाचा.

लॅटिनमध्ये ‘तो गाईल’ला म्हणत ‘कान्ताबित’, आणि ‘तो गायला’ला ‘कान्तावित’. फरक फक्त ‘ब’ आणि ‘व’चा. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत बोलण्यात हा फरक पुसट होत गेला. दोन स्वरांमधला ‘ब’ ‘व’सारखा ऐकू येऊ लागला. ब-व एक झाले की काय होतं हे कोलकात्याच्या किंवा कटकच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. पण इथे पंचाईत मोठी होती. गाणं होऊन गेलं की व्हायचं आहे, हेच कळेना.

मग लोकांनी वेगळी वाट काढली. त्यांनी जुना भविष्यकाळ बाजूला ठेवला आणि ‘जवळ असणे’ या अर्थाचं ‘हाबेरे’ हे क्रियापद मदतीला घेतलं. ‘कान्तारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचं आहे’. आपणही हेच करतो. ‘उद्या मला इंदूरला जायचं आहे’ हे वाक्य म्हटलं तर कर्तव्याचं, पण ऐकणारा त्यातून भविष्यच ऐकतो. ‘हाबेरे’ची रूपं स्पॅनिशमध्ये झिजत झिजत ए, आस, आ, एमोस, एइस, आन एवढीच उरली. ती ‘कान्तार’च्या पाठीला चिकटवा : कान्तारेऽ, कान्तारास, कान्तारा, कान्तारेमोस, कान्तारेइस, कान्तारान. झाला भविष्यकाळ! ‘हाबेरे’चा भूतकाळ चिकटवला की ‘कान्तारिया’, म्हणजे ‘गाईन म्हणालो होतो’ किंवा ‘जमलं तर गाईन’ या छटेचं रूप. ज्याला आज प्रत्यय म्हणून पाठ करतात ते एकेकाळी स्वतंत्र क्रियापद होतं.

हिंदी प्रदेशात राहणाऱ्यांनी एक आठवून बघावं. ‘गाऊँगा’, ‘गाऊँगी’ यातला ‘गा-गी’ हा ‘जाणे’ या क्रियापदाच्या ‘गत’ या रूपातून आला असं मानतात, म्हणून तर तिथे भविष्यकाळालाही लिंग आहे. तिकडे ‘असणे’ चिकटलं, इकडे ‘जाणे’.

या नव्या भविष्यकाळाचा फार जुना लेखी पुरावा एका दंतकथेत आहे. सातव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, एक बखर लिहिली गेली. ती फ्रेडेगारच्या नावानं ओळखली जाते. तिच्यात असं येतं की सम्राट जस्टिनियननं इराणच्या राजाला हरवलं आणि जिंकलेली शहरं परत मागितली. राजा ‘देणार नाही’ म्हणाला, तेव्हा त्यानं जुन्या पुस्तकी लॅटिनचं ‘दाबो’ हे रूप वापरलं. सम्राटानं उत्तर दिलं, ‘दारास’, देशील! हे ‘दारे’ आणि ‘हाबेस’ मिळून झालेलं बोलीतलं नवं रूप. बखरकार म्हणतो की त्यावरूनच तिथल्या शहराला दारास नाव पडलं. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही, कारण ते शहर जस्टिनियनच्या आधीच्या एका सम्राटाच्या काळात, सहाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं आहे. त्याचे अवशेष आज आग्नेय तुर्कस्तानात आहेत. पण भाषेच्या अभ्यासकाला ही कथा सोन्यासारखी. हरलेल्या राजाच्या तोंडी पोथीतलं रूप आणि सम्राटाच्या तोंडी बाजारातलं!

हा सांधा बरीच शतकं सैल होता. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘तुला देईन’ला ‘दार-ते-ए’ म्हणत. देणे, तुला, आहे. मधल्या फटीत ‘तुला’ बसायचं. पुढे स्पॅनिशनं ती फट बुजवली. शेजारच्या पोर्तुगीजनं मात्र लेखी, औपचारिक भाषेत ती ठेवली : ‘दार-ते-एइ’. गोव्यात १९६१पर्यंत पोर्तुगीज ही शाळेची आणि कचेरीची भाषा होती. तिथे ज्यांनी ती शिकली, त्यांनी हा दीड हजार वर्षांचा सांधा नकळत घोकलेला आहे.

आता येऊ १४९२ या वर्षाकडे. २ जानेवारीला ग्रानादा शहर पडलं आणि स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं. ३१ मार्चला राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांनी हुकूम काढला : ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर देश सोडावा. ३ ऑगस्टला कोलंबस पालोस बंदरातून निघाला. आणि त्याच ऑगस्टमध्ये, १८ तारखेला, सालामांका इथे आंतोनिओ दे नेब्रिहा या पंडिताचं कास्तिलियन भाषेचं, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचं, व्याकरण छापून पूर्ण झालं.

तोवर व्याकरण असायचं ते लॅटिनचं. घरात आपोआप येणाऱ्या भाषेला व्याकरण कशाला, असा प्रश्न होता. नेब्रिहानं प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की राणीनंही हेच विचारलं होतं : याचा उपयोग काय? उत्तर आव्हिलाच्या बिशपनं दिलं. राणी परक्या भाषांच्या लोकांना जिंकेल, त्यांना जेत्यांचे कायदे आणि जेत्यांची भाषा घ्यावी लागेल, तेव्हा हे पुस्तक कामी येईल. नेब्रिहाचं स्वतःचं म्हणणंही त्याच वळणाचं होतं. भाषा साम्राज्याबरोबर वाढते आणि त्याच्याबरोबरच पडते, म्हणून ती आत्ताच नियमात बांधून ठेवावी.

पण माणूस तल्लख होता. भविष्यकाळ हा मूळ क्रियापद आणि ‘ए, आस, आ’ मिळून होतो, हे त्यानं याच पुस्तकात नोंदवलं. लोकांनी रचलेला सांधा त्याला दिसला होता. तरीही आता यापुढे भाषा हलू नये, असं त्याला वाटत होतं.

भाषा थांबली नाही. त्याच वर्षी जे ज्यू हाकलले गेले, त्यांतले पुष्कळजण ऑटोमन साम्राज्यात, सालोनिका आणि इस्तंबूलला पोहोचले. ते आपलं स्पॅनिश बरोबर घेऊन गेले आणि चारशेहून अधिक वर्षं घरात तेच बोलत राहिले. त्यांच्या तोंडी ‘मी गायलो’ म्हणजे ‘कान्तेऽ’ नाही, ‘कान्तीऽ’. इतर क्रियापदांत ‘ई’ लागायचीच, तीच त्यांनी इथेही लावली. म्हणजे नेब्रिहाच्या तक्त्यापेक्षा त्यांचा तक्ता एका घरानं जास्त नियमित झाला! पण तो शाळेच्या पुस्तकात आला नाही, कारण त्यामागे राज्य नव्हतं. १९४३ साली नाझींनी सालोनिकातल्या ज्यूंना आउशविट्झला नेलं. त्यांतले बहुतेक सगळे मारले गेले. ‘कान्तीऽ’ म्हणणारी गल्लीच्या गल्ली गप्प झाली. आज ही भाषा बोलणारे थोडे उरलेत, आणि तेही बहुतेक वयस्कर.

तिकडे समुद्रापलीकडे दुसरीच कथा घडली. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘तुम्ही गाता’ला ‘कान्तादेस’ म्हणत. त्यातला ‘द’ गळून दोन रूपं झाली, ‘कान्ताइस’ आणि ‘कान्तास’. दुसऱ्यात जोर शेवटी. स्पेननं पहिलं ठेवलं. मेक्सिको आणि लिमा इथे व्हाइसरॉयचे दरबार होते, तिथे दरबारी वळण लागलं आणि एकट्या माणसाला ‘तू’ म्हणण्याची स्पेनची नवी रीत रुजली. ब्वेनोस आयरेस तेव्हा साम्राज्याच्या पार कडेला. तिथे जुनं ‘व्होस’ हे सर्वनाम टिकलं, ‘व्होस कान्ताऽस’ असं.

एकोणिसाव्या शतकात वसाहती स्वतंत्र झाल्या. काराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो या विद्वानानं १८४७ साली चिलीत नवं व्याकरण लिहिलं, आणि ते अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी आहे हे नावातच सांगितलं. काळांना त्यानं नवी नावं दिली. ‘कान्तारिया’ला तो म्हणाला ‘भूतानंतरचा काळ’, म्हणजे भूतकाळात उभं राहून पाहिलेलं भविष्य. मेक्सिकोच्या शाळांत त्याची काही नावं अजून चालतात. पण हाच बेल्यो ‘व्होस’वर मात्र तुटून पडला. चिलीतल्या वर्तमानपत्रातून त्यानं पालकांना आणि शिक्षकांना बजावलं की हे रूप अशुद्ध आहे. त्याची भीती खोटी नव्हती. लॅटिन फुटून अनेक भाषा झाल्या, तशी स्पॅनिशही फुटेल, आणि नवी राष्ट्रं एकमेकांना परकी होतील, असं त्याला वाटत होतं. अर्जेंटिनात मुलं शाळेत ‘तू’ची रूपं शिकत आणि घरी ‘व्होस कान्ताऽस’ म्हणत. पिढ्यानपिढ्या हे चाललं. घरातलं रूप मेलं नाही, पुढे ते नाटक-कादंबरीत आणि वर्तमानपत्रात आलं. २००९ साली माद्रिदच्या राजमान्य अकादमीनं इतर देशांच्या अकादम्यांबरोबर नवं व्याकरण काढलं, तेव्हा तक्त्यात ‘तू’च्या शेजारी ‘व्होस’ही छापलं गेलं. अकादमीची स्थापना १७१३ची. त्या तक्त्यात जागा मिळायला ‘व्होस’ला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

मंडळी, भोपाळची, बडोद्याची, हैदराबादची, तंजावरची मराठी आपल्यापैकी कितीजण घरात बोलतात! पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की ‘आमचं जरा अशुद्ध आहे हं’ म्हणून आपणच आधी माफी मागतो. त्या वेळी हे क्रियापद आठवावं. भविष्यकाळ पंडितांनी दिला नाही, तो ब-वच्या गोंधळातून साध्या माणसांनी उभा केला. ‘कान्तीऽ’ आणि ‘कान्ताऽस’ दोन्ही तितकीच नियमित. एकाच्या मागे पुढे एक देश उभा राहिला आणि दुसऱ्याचे बोलणारेच हिरावले गेले. रूप शुद्ध की अशुद्ध हे तक्ता सांगतो, पण ते जगणार की नाही हे ते घरात मुलांशी बोललं जातं का, यावर ठरतं.

तेव्हा तुमच्या घरातलं एखादं क्रियापद, जे पुस्तकात वेगळं आणि आजीच्या तोंडी वेगळं आहे, ते जसं बोलता तसंच लिहून आम्हाला कळवा, गावाच्या नावासह. पुढच्या भागात भेटू.