अधांतरी स्थिर राहण्याची विद्या

रेडिओच्या आज्ञेने उडणाऱ्या छोट्या विमानांचा छंद युरोप आणि अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर चांगलाच रुजला होता. हेलिकॉप्टरची प्रतिकृती मात्र १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या छांदिष्टांच्या हाती लागली नाही. नीट जुळवलेले विमान कळ सोडली तरी काही काळ सरळ उडत राहते, पण एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरला असा स्वाभाविक तोल नसतो; ते किंचित कलले की त्याच दिशेला घसरू लागते, आणि घसरण थांबवण्यासाठी दिलेली उलट आज्ञा वेळेवर मागे घेतली नाही तर विरुद्ध बाजूची घसरण सुरू होते. शिवाय मुख्य पंखा, म्हणजे रोटर, ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट दिशेला यंत्राचे धड फिरू पाहते. ते आवरण्यासाठी शेपटीला छोटा रोटर बसवलेला असल्यामुळे इंजिनाचा जोर कमीजास्त झाला, की शेपटीलाही नवी आज्ञा द्यावी लागते. आधीचे अनेक रेडिओसंच कळ पूर्ण वळवणे किंवा मुळीच न वळवणे एवढेच जाणत असत. त्यामुळे बोटाच्या हालचालीच्या प्रमाणात यंत्राला वळवणारे संच बाजारात आल्यावरच हा प्रयत्न शक्य झाला.

रोटरला शांत करण्याची युक्ती त्याआधीच सापडली होती, आणि तीही प्रतिकृतीवरच. अमेरिकेतील आर्थर यंग यांनी १९२८ पासून अनेक वर्षे लहान प्रतिकृतींवर एकहाती प्रयोग केले आणि रोटरला काटकोनात, टोकांना वजने असलेली एक दांडी जोडली, जी भोवऱ्याप्रमाणे आपले प्रतल सोडत नाही आणि रोटरलाही एकाएकी कलू देत नाही. त्यांनी १९४१ मध्ये बेल कंपनीला विजेवर उडणारी प्रतिकृती दाखवली. त्या कामातून घडलेल्या बेल-४७ या हेलिकॉप्टरला मार्च १९४६ मध्ये नागरी वापराचा परवाना मिळाला. पुढे स्टॅन्ली हिलर यांनी दांडीच्या टोकांना लहान पाती लावून चालकाची आज्ञा त्या पात्यांमार्फत मुख्य रोटरकडे पोहोचवली. प्रतिकृतींमध्ये या दोन्ही पद्धतींचा मिलाफ दीर्घकाळ टिकला, कारण लहान रोटर मोठ्यापेक्षा फार चपळ असतो आणि माणसाच्या बोटांना विचार करायला तो वेळच देत नाही.

जर्मन अभियंता डीटर श्ल्यूटर यांनी या सूत्रावर नियंत्रणात राहणारे यंत्र घडवले. त्यांच्या प्रतिकृतीने जून १९७० मध्ये ११.५ किलोमीटरचे अंतर कापून जागतिक विक्रम नोंदवला, आणि त्यानंतर ह्यूईकोब्रा या नावाने तिचे सुटे भाग घरी जुळवण्यासाठी विकले जाऊ लागले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे यंत्र कठोर होते. त्याच्या पात्यांचा कोन चालकाला एकदम कमीजास्त करता येत नसे, म्हणून उंची राखण्यासाठी इंजिनाचाच वेग बदलावा लागे; जड रोटर तो बदल उशिरा स्वीकारत असल्याने शिकणाऱ्याला यंत्र खाली येऊ लागण्यापूर्वीच जोर वाढवावा लागे. सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी बदलणारी रचना, जिला कलेक्टिव्ह पिच म्हणतात, पुढे सर्रास वापरात आली तेव्हा ही दिरंगाई सरली, पण कळांची गुंतागुंत वाढली.

शिकण्याची जी परंपरा यातून घडली तिचा पहिला धडा उडण्याचा नव्हता, तर जागच्या जागी थांबण्याचा होता. यंत्राच्या पायांखाली आडव्याउभ्या लांब काठ्या बांधून त्यांच्या टोकांना हलके चेंडू लावत, जेणेकरून कललेले यंत्र उलटून पाती जमिनीला घासणार नाहीत. शिकणाऱ्याने शेपटीच्या मागे उभे राहून प्रथम यंत्र जमिनीवरच सरकवायचे, मग वीतभर उचलायचे. पण जमिनीलगत रोटरने खाली ढकललेली हवा अडून यंत्राला डळमळीत करते, म्हणून थोडे अधिक उंच जाणेच सोपे ठरे, आणि भित्र्या नवशिक्याला हे पटणे अवघड जाई. शेपूट आपल्याकडे असेपर्यंत डावे ते डावेच राहते. नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटते, आणि शिकण्याचा खरा कस येथे लागतो.

पुढील तीन दशकांत शोधकांनी मुख्यतः नवशिक्याच्या बोटांवरचा भार उचलला, आणि या इतिहासाचा सर्वात मोलाचा भाग हाच आहे. शेपटीचे वळण ओळखून आपोआप दुरुस्त करणारा गायरो आधी फिरत्या चक्राचा होता, नंतर स्फटिकाचा झाला आणि १९९० च्या दशकात नाकाची दिशाही धरून ठेवू लागला. याच दशकाच्या उत्तरार्धात घरगुती संगणकावरील उड्डाण-सराव प्रचलित झाला, त्यामुळे महागडे यंत्र न मोडता नाक समोर ठेवण्याचा सराव करता येऊ लागला. २००० नंतर परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन रोटरांची, शेपटीच्या रोटरची गरज नसलेली छोटी विद्युत यंत्रे घराघरांत आली. ती सहज तरंगत, पण बाहेरच्या वाऱ्यात असहाय होत. त्यामुळे त्यांनी नवशिक्याची भीती घालवली असली तरी वाऱ्याशी झुंजण्याचे कसब शिकवले नाही. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी यंगची दांडीही अनावश्यक ठरवली.

दरम्यान ही विद्या व्यवसायातही उतरली होती. जपानमध्ये यामाहाच्या आर-५० या मानवरहित हेलिकॉप्टरने १९८७ पासून भातशेतीवर औषधफवारणी सुरू केली, आणि छांदिष्टांप्रमाणे तेथील चालकही खाचराच्या बांधावर उभे राहून, कळा हातात धरून यंत्र चालवू लागले.