रक्तगुल्म आणि गांठ

चरकानें गुल्माचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील रक्तगुल्म केवळ स्त्रियांनाच होतो. ऋतु थांबतो, पोट वाढतें, डोहाळ्यांसारखीं लक्षणें दिसतात, आणि मूल मात्र नसतें. म्हणून दहावा महिना उलटल्यावांचून त्याची चिकित्सा करूं नये, असा दंडक होता. हा दंडक आम्हांस मोठा समंजस वाटतो. चुकून गर्भाला अपाय होऊं नये हाच त्याचा हेतु. परंतु ते दहा महिने त्या बाईचे सासरीं कसे जात, हें ग्रंथांत नाहीं. असलें पोट विधवेच्या वांट्यास आलें असतां काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आजच्या गर्भाशयांतील गांठी म्हणजेच रक्तगुल्म, असें आमचें म्हणणें नाहीं. गांठीनें बहुधा ऋतु थांबत नाहीं, उलट रक्त अधिक जातें. त्या एका नांवाखालीं अनेक विकार गोळा झाले असावेत.

गांठीसाठीं गर्भाशय काढण्याची विद्या पाश्चात्यांसही योगायोगानेंच गवसली. १८५३ सालीं अमेरिकेंत लोवेल येथें वॉल्टर बर्नहॅम यांनीं अंडाशयाची गांठ समजून पोट उघडलें. निघाल्या त्या गर्भाशयाच्या गांठी. गर्भाशय काढावें लागलें, आणि बाई वांचली! कृष्णाकांठीं नवी शस्त्रक्रिया रुजली ती मिरजेस. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले व १८९४ मध्यें त्यांचें रुग्णालय उघडलें. मिरज तेव्हां संस्थान होतें. १९४९ मध्यें तें दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेलें, आणि १९६० मध्यें त्याच जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. आगगाडीचा फांटा असल्यामुळें रोगी दूरदूरून येत.

सुरी पोंचली, तरी गांठ वाढते कां, हा प्रश्न राहिलाच. ती गर्भाशयाच्या स्नायूंतूनच उपजते, हें जर्मन पंडित फिर्खो यांनीं दाखविलें होतें. पुढें ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्त्रीरसांकडे बोट गेलें. ऋतुनिवृत्तीनंतर गांठी बहुधा आक्रसतात, तें त्यामुळेंच. १९८३ मध्यें जर्मनींतील कील येथें एक प्रथिन ओळखण्याची युक्ति सांपडली. हें प्रथिन विभागणाऱ्या पेशींतच दिसतें, म्हणून त्यावरून वाढीचा वेग अजमावतां येतो. त्याचें नांव की-६७. की म्हणजे कील, आणि ६७ हा प्रयोगांतील नुसता अनुक्रमांक. शास्त्रज्ञांचें बारसें असेंच असतें. २०११ मध्यें फिनलंडच्या संशोधकांस सुमारें ७० टक्के गांठींत मेड-१२ या एकाच जनुकांत बिघाड आढळला.

तथापि हीं चिन्हें पाहावयाचीं तीं गांठीच्या तुकड्यांत. रक्तांतील सीए-१२५ गांठीनें वाढतें खरें, परंतु इतर विकारांनींही वाढतें. कोणती गांठ वाढेल व कोणती निमूट राहील, हें रक्तावरून सांगणारी खात्रीची परीक्षा अद्याप नाहीं.

सुरी मात्र थांबलेली नाहीं. बीडच्या बायका दरसाल पश्चिम महाराष्ट्राच्या, त्यांत सांगली-सातारच्याही, फडांत ऊस तोडावयास येतात. २०१९ मध्यें शासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत अशा ८२,३०९ बायकांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कित्येकींची चाळिशीही उलटली नव्हती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला कीं मुकादम दंड कापतो, असें त्या सांगत होत्या.