दाढ गेली, ठणका राहिला

आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी मागच्या महिन्यात खालची दाढ काढून घेतली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री ठणका उठला, तो थेट कानापर्यंत. बैठकीला आल्या त्या पदरानं गाल धरूनच. "दाढच राहिली नाही, मग दुखतंय काय?" असं विचारत होत्या. शेजारच्या ताई म्हणाल्या, "खालची होती म्हणून बरं. वरची काढली असती तर डोळा गेला असता."

हे वाक्य मी आजीच्या तोंडूनही ऐकलंय. बी.ए.ला माझा इतिहास होता, त्यामुळे गोष्ट कुठून आली ते शोधायची मला खोडच आहे. सुश्रुतसंहितेत दात उपटायचं हत्यार सांगितलंय, दंतशंकू नावाचं. आणि तिथंच बजावलंय, की वरचा दात हलत असला तरी वैद्यानं काढू नये. रक्त फार जातं, त्यातून आंधळेपण येतं, तोंड वाकडं होतं. त्या काळात वाहतं रक्त थांबवणं अवघड होतं, तेव्हा वैद्य जपून बोलले. पुढं लोक रक्त विसरले आणि डोळा तेवढा लक्षात ठेवला. खरं तर दिसण्याची नस वेगळी, दाताची वेगळी. वरची दाढ काढल्यानं नजर जात नाही.

दुसरी भीती उपटण्याच्या कळांची. ती खोटी नव्हती. चिमटा घेऊन बाजारात बसणारा माणूस आणि डोकं धरणारे दोघं, एवढ्यावरच दाढ निघायची. 1844 साली अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्यानं वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दोन वर्षांनी बोस्टनला ईथर आलं. हिरडीत आज जे इंजेक्शन देतात, त्यातलं लिग्नोकेन स्वीडनमध्ये 1943 साली तयार झालं. आपल्याकडं कोलकात्यात 1920 साली दंतवैद्यक शिकवायला सुरुवात झाली, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 साली निघालं, आणि 1948 साली दंतवैद्यांचा कायदा झाला.

काढताना दुखायचं थांबलं. नंतरचा ठणका मात्र राहिला. त्याला 1896 साली क्रॉफर्ड यांनी नाव दिलं, 'ड्राय सॉकेट', म्हणजे कोरडा खड्डा. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती घाण नव्हे, खालच्या हाडावरचं पांघरूण आहे. ती निघून गेली की हाड उघडं पडतं, तोंडाला वास येतो आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ठणका सुरू होतो. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं. तंबाखू ओढणाऱ्यांना जास्त होतं. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही जास्त होतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना आधी सांगा एवढंच.

मावशींनी काय केलं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी बोटानं मिश्री लावली आणि जोरजोरात चुळा भरल्या. मिश्रीनं हिरडी बधिर होते, बरं वाटतं, हे आपल्यातल्या कित्येकींना ठाऊक आहे. मला मावशींना रागवता येईना. माझ्या आईच्या उशाशी अजून डबी असते.

डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगतेलाच्या औषधाची पट्टी भरली. तासाभरात मावशींचा चेहरा उतरलेला होता तो सैल झाला. आठ-दहा दिवसांत दुखणं गेलं. हिरडी भरायला काही आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने. तोवर खड्डा लागतो जिभेला, त्याचं भ्यायचं नाही. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही, नळीनं ओढून पिणं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, हळूच. सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा रक्त थांबेना, तर मात्र घरी बसू नका.

मावशींची वरचीही एक दाढ हलते आहे. सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. डबी त्या माझ्याकडं ठेवायला देणार म्हणतात, आठ दिवसांपुरती.