खडखडाट गेला, दिवा आला

कल्याण-नगर रस्त्यावर आणे घाट लागतो. घाटावरच्या कोरड्या पठारावर चाक ऋतूप्रमाणे सांभाळण्याचे काम रबरी टायरपेक्षा जुने आहे. बैलगाडीचे लाकडी चाक पावसाळ्यात फुगे, उन्हाळ्यात आटे. मग लोखंडी धाव सैल होऊन खडखडू लागे. लोहार ती काढून आखूड करी, आगीत तापवून चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती. निवताना आक्रसलेले लोखंड सगळे चाक आवळून धरी. रबरी टायर आले, गाडी हलकी चालू लागली, पण खडखडाटाबरोबर धोक्याची सूचनाही गेली. हवा मुकाट्याने उतरते. माझ्या मते टायरमधला दाब सांगणारा सेन्सर ही हरवलेली सूचनाच परत आणतो.

अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांना टायरचा दाब घटल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिथली मराठी कुटुंबे हिवाळी चाके चढवतात तेव्हा अनेक गाड्यांना नव्या संचातल्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते; नाहीतर चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा पेटलेलाच राहतो. पंपावरचे मापक पुरे नाही का, असा आक्षेप येईल. ते उभ्या गाडीचा दाब सांगते. सेन्सर धावत्या गाडीचा. मात्र धाव आखूड करून पुन्हा वापरता येई. सेन्सरची बॅटरी संपली की बहुधा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो, आणि इथे लोहाराचे काम सरस होते.